ऐतिहासिक जर्मन लष्करी पिस्तुले: संग्रह आणि जतन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मन सैन्याच्या जुन्या पिस्तुलांविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन विषय एकमेकांत शिरतात तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक धारणा आधीच स्पष्ट करतो. जुने पिस्तूल हा पोलादावर लिहिलेला दस्तऐवज असतो आणि त्यावरचा मजकूर एकदा घासला गेला की तो पुन्हा लिहिता येत नाही. पुढची बहुतेक उत्तरे या धारणेतूनच आली आहेत.

१. "जर्मन लष्करी पिस्तुले" म्हणताना नेमकी कोणती पिस्तुले धरायची?

संग्राहक साधारणपणे १८७१ मधील जर्मन साम्राज्याच्या स्थापनेपासून १९४५ पर्यंतची शस्त्रे या नावाखाली धरतात. सुरुवात १८७९ आणि १८८३ च्या राइशरिव्हॉल्व्हरांनी होते; ती १०.६ मिलिमीटरची, दणकट आणि स्वीकारली गेली त्याच काळात काहीशी जुनाट ठरलेली शस्त्रे होती. त्यानंतर पी०८ म्हणजे लुगर, माउझर सी९६ आणि वाल्थर पी३८ ही तीन मोठी घराणी येतात. यांच्या जोडीला पहिल्या महायुद्धातील लांगेनहान व बेहोला, तसेच वाल्थर पीपी (१९२९), पीपीके (१९३१), माउझर एचएससी आणि झाउअर ३८एच ही लहान पिस्तुले असतात. नवशिक्याने सगळ्यांच्या मागे लागू नये. एकच कारखाना किंवा एकच दशक निवडून त्याचा खोलवर अभ्यास केला, तर फसवणूक टळते आणि संग्रहाला अर्थही येतो.

२. लुगर, पॅराबेलम आणि पी०८ ही तीन वेगळी पिस्तुले आहेत का?

मुळात पिस्तूल एकच आहे. ह्यूगो बोर्शार्टच्या १८९३ च्या पिस्तुलातील, गुडघ्यासारखा वर दुमडणारा सांधा घेऊन गेओर्ग लुगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने त्याची सुटसुटीत आवृत्ती बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यासाठी तयार केली. 'पॅराबेलम' हे कारखान्याचे व्यापारी नाव होते. स्वित्झर्लंडने हे पिस्तूल १९०० मध्ये ७.६५ मिलिमीटरमध्ये स्वीकारले, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये ९ मिलिमीटरमध्ये घेतले, आणि १९०८ मध्ये भूदलाने १०० मिलिमीटर नळीचे रूप स्वीकारल्यावर 'पिस्तूल ०८', म्हणजेच पी०८, हे नाव रूढ झाले. 'लुगर' हे नाव मुख्यतः इंग्रजी भाषक जगातून पसरले आहे.

३. हाती आलेले पिस्तूल भरलेले आहे की नाही, हे कसे कळावे?

खात्री होईपर्यंत प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे मानावे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, काडतूस असल्यास पी०८ वरील एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) किंचित वर उचलला जातो आणि त्याच्या बाजूवर 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेले', हा शब्द दिसतो. पी३८ मध्ये घोड्याच्या वर एक बारीक खिळी बाहेर डोकावते. शंभर वर्षांच्या झिजेनंतर या खुणांवर जीव टाकू नये. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक गैरसमज आहे. शस्त्राची माहिती नसलेल्या व्यक्तीने ते हाताळूच नये. परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून तपासून घ्यावे.

४. माझ्या पी०८ चा कारखाना आणि साल कसे ओळखू?

पहिल्या महायुद्धातील पी०८ वर चेंबरच्या माथ्यावर साल कोरलेले असते आणि टॉगलच्या, म्हणजे वर दुमडणाऱ्या सांध्याच्या, पुढच्या भागावर कारखान्याची खूण असते. डीडब्ल्यूएमची खूण म्हणजे एकमेकांत गुंतलेली तीन वळणदार अक्षरे. एरफुर्टच्या शाही शस्त्रागाराची खूण म्हणजे मुकुट आणि त्याखाली गावाचे नाव. एरफुर्टच्या तपासनिसांनी जवळपास प्रत्येक लहान भागावर ठसे मारले. ते ठसे दिसले नाहीत तर सावध व्हावे.

व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य १,००,००० माणसांपुरते मर्यादित केले, आणि राइशवेअर या नावाच्या त्या छोट्या सैन्यासाठी पिस्तुले पुरवण्याचे काम सूल येथील झिमझोन कंपनीकडे गेले. डीडब्ल्यूएमची यंत्रसामग्री १९३० मध्ये ओबर्नडॉर्फच्या माउझरकडे हलवण्यात आली. छुप्या शस्त्रवाढीच्या काळात माउझरने नावाऐवजी 'एस/४२' हा संकेत वापरला आणि सालाच्या जागी अक्षर घातले: 'के' म्हणजे १९३४ आणि 'जी' म्हणजे १९३५. १९३६ पासून पूर्ण साल दिसते, नंतर नुसते '४२' येते आणि शेवटी 'बीवायएफ' येते. माउझरने पी०८ चे उत्पादन १९४२ मध्ये थांबवले. लुफ्टवाफेसाठी, म्हणजे जर्मन हवाई दलासाठी, क्रीगहॉफ कंपनीने सुमारे १०,००० पिस्तुलांचे कंत्राट घेतले होते. ती दुर्मिळ आहेत, आणि त्यामुळे त्यांच्या नकलाही भरपूर आहेत (प्रश्न १३ पाहावा).

५. माझ्या पिस्तुलावर १९१६ आणि १९२० अशी दोन साले आहेत. ते बनावट आहे का?

बहुधा नाही. महायुद्ध संपल्यावर देशात हजारो शस्त्रे बेवारस फिरत होती. सरकारी मालकीची शस्त्रे ओळखता यावीत म्हणून १९२० मध्ये त्यांच्यावर ते साल मारण्यात आले. पहिले साल निर्मितीचे आणि दुसरे मालकीचे. अशा पिस्तुलाने साम्राज्याचा शेवट, प्रजासत्ताकाचा आरंभ आणि पुढचा काळही पाहिलेला असू शकतो. कोऱ्या पिस्तुलापेक्षा मला अशी पिस्तुले अधिक मोलाची वाटतात, जरी बाजारभाव नेहमीच तसे म्हणत नाही.

६. 'क्रमांक जुळलेले' असण्याला एवढे महत्त्व का?

पी०८ चे भाग कारखान्यात हाताने घासून एकमेकांना बसवले जात. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात बिनतक्रार बसेल याची खात्री नसल्यामुळे लहान भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कोरले जात. हे सर्व आकडे जुळतात तेव्हा पिस्तूल कारखान्यातून निघाले त्याच स्थितीत आहे असे मानायला आधार मिळतो.

येथे तीन बारकावे लक्षात ठेवावेत. पहिला: लष्करी क्रमांक १ पासून १०,००० पर्यंत जात आणि नंतर 'ए', 'बी' अशी अक्षरे जोडून पुन्हा सुरू होत, शिवाय प्रत्येक वर्षी आणि प्रत्येक कारखान्यात ही मालिका नव्याने चाले. त्यामुळे कारखाना, साल, क्रमांक आणि अक्षर ही चारही माहिती नसेल, तर एकटा क्रमांक काहीच सांगत नाही. दुसरा: लष्करी पिस्तुलांवर लहान भागांचे आकडे उघड दिसतील असे मारले जात, तर नागरी विक्रीच्या पिस्तुलांवर ते आतल्या किंवा खालच्या बाजूला लपवले जात. आकडे दिसत नाहीत एवढ्यावरून भाग बदलला आहे असा निष्कर्ष काढू नये. तिसरा: मूळ मॅगझिनच्या तळावरही पिस्तुलाचा क्रमांक असे आणि जोडीच्या दुसऱ्या मॅगझिनवर त्यापुढे अधिकचे चिन्ह असे. दोन्ही जुळणारी मॅगझिने टिकलेली जोडी क्वचितच भेटते.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने जप्त केलेली पिस्तुले नंतर एकगठ्ठा दुरुस्त झाली. त्यांत भागांची सरमिसळ होऊन नवे क्रमांक मारले गेले. अशा पिस्तुलाला 'खराब' म्हणू नये. तो त्याच्या आयुष्याचाच एक टप्पा आहे; फक्त विकणाऱ्याने तो लपवता कामा नये.

७. रंग उडाला आहे. पुन्हा ब्लूइंग करून घेऊ का?

कृपया करून घेऊ नका. या पानावरचे एकच वाक्य वाचकाच्या लक्षात राहणार असेल, तर ते हे राहावे.

पोलादावरचा तो निळा-काळा रंग म्हणजे लावलेला रंग नसतो. धातूच्याच पृष्ठभागावर रसायनाने घडवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. १९३७ पर्यंतच्या पी०८ वर तो सावकाश, थरावर थर चढवून आणलेला असे, आणि चाप, सेफ्टीची कळ, मॅगझिनचे बटण अशा लहान भागांना उष्णतेने गवती पिवळा रंग दिलेला असे. १९३७ च्या सुमारास माउझरने तप्त क्षारांच्या द्रावणाची जलद पद्धत स्वीकारली आणि ते पिवळे भागही निळे होऊ लागले. म्हणजे रंगाची छटा हीच काळाची साक्ष आहे. नवे ब्लूइंग करण्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो; त्यात ठशांच्या कडा बोथट होतात, यंत्राच्या मूळ रेघा जातात आणि हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. होल्स्टरमधून वर्षानुवर्षे काढताना-घालताना नळीच्या टोकाला पडलेली पांढरी चमक हे वापराचे प्रामाणिक चिन्ह आहे. एका वाचकाने पाठवलेल्या छायाचित्रांत आजोबांचे पिस्तूल कारागिराने आरशासारखे चकचकीत केलेले होते आणि त्यावरचा तुकडीचा शिक्का जेमतेम वाचता येत होता. ते पाहून मला खरोखर वाईट वाटले.

८. गंज दिसतो आहे. तो कसा काढावा?

आधी गंज कोणता ते पाहावे. घट्ट, गडद तपकिरी, न पसरणारा डाग स्थिर असतो. त्याला हात लावण्याची गरज नाही. बोटाला लागणारी लालसर, भुसभुशीत पूड मात्र जिवंत गंजाची खूण आहे. त्यावर शस्त्रांसाठीचे हलके खनिज तेल लावून काही दिवस मुरू द्यावे, मग बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने आणि मऊ सुती कापडाने हळूहळू उचलावे, आणि ही क्रिया घाई न करता पुन्हा करावी. सॅंडपेपर, लोखंडी घासणी, फिरते ब्रश आणि बाजारातील फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक वर्ज्य मानावेत, कारण आम्ल गंजाबरोबर ब्लूइंगही खाते आणि गवती पिवळा थर तर क्षणात घालवते. खोल खड्डे पडले असतील तर काम संग्रहालयीन जतनतज्ज्ञाकडे सोपवावे.

९. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत लोखंडी वस्तू कशी सांभाळावी?

हा प्रश्न पिस्तुलाइतकाच घरातल्या जुन्या तलवारीला किंवा कट्यारीलाही लागू पडतो. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तर लोखंड आणि लाकूड एकत्र असलेल्या वस्तूला ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपासची, फारशी न हलणारी आर्द्रता मानवते. घट्ट बसणाऱ्या झाकणाची पेटी, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर बरेच काम होते. जेल नियमित वाळवून घेणे मात्र अटळ आहे. ओक लाकडाच्या पेट्या दिसायला सुंदर असल्या तरी त्या आम्लयुक्त वाफ सोडतात आणि धातूला डसतात. स्वस्त फोमचे अस्तरही कालांतराने विरघळून चिकटते. त्याऐवजी आम्लरहित कागद वापरावा.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, कारण घामातील क्षार बोटांच्या ठशांच्या आकारातच गंज उठवतात. हाताळणीनंतर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, किंवा वस्तू दीर्घकाळ मांडून ठेवायची असल्यास सूक्ष्मस्फटिकी मेण लावावे. हे मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झाले आणि आजही संग्रहालये ते वापरतात. तेल जास्त झाले तर ते लाकडी मुठीत झिरपते आणि धूळ धरते.

१०. पिस्तूल मूळ होल्स्टरमध्येच ठेवणे चांगले नाही का?

नाही. कातडे कमावताना वापरलेले टॅनिन व क्षार त्यात उरतात, कातडे ओलावा धरून ठेवते, आणि पोलाद आतल्या आत गंजते. दोन्ही शेजारी, पण वेगळे ठेवावे. होल्स्टरमध्ये आम्लरहित कागदाचा सैल गोळा भरून त्याचा आकार राखावा आणि कातडे मऊ करण्यासाठी तेल पाजू नये, कारण त्याने शिवण कुजते व रंग काळवंडतो. पी०८ च्या होल्स्टरच्या झाकणाखाली एक छोटा कप्पा असतो. मॅगझिन भरण्याचे व खोलण्याचे हत्यार तेथे राहत असे. ते हत्यार जागेवर असेल तर स्वतःला भाग्यवान समजावे.

११. लाकडी मुठीच्या पट्ट्या साफ करण्यासाठी काढू का?

शक्यतो काढू नयेत. पी०८ च्या डाव्या पट्टीचा सेफ्टीच्या कळीजवळचा कोपरा इतका नाजूक असतो की निष्काळजीपणे पट्टी उचलताना तो हमखास तुटतो. बाजारात दिसणाऱ्या असंख्य पिस्तुलांचा हाच कोपरा उडालेला आहे. अक्रोडाच्या लाकडावरची चौकटीदार नक्षी मऊ, कोरड्या ब्रशने साफ करावी. उशिराच्या काळ्या बेकेलाइटच्या पट्ट्यांना कोणतेही द्रावक लावू नये.

१२. सी९६ वरचा लाल '९' कशासाठी असतो?

माउझरच्या कारखान्यातील फीडरले बंधूंनी घडवलेले सी९६ मुळात ७.६३ मिलिमीटरचे होते. पहिल्या महायुद्धात पिस्तुलांचा तुटवडा पडल्यावर प्रशियाच्या सैन्याने ९ मिलिमीटरच्या १,५०,००० पिस्तुलांची मागणी नोंदवली, आणि चुकीचे काडतूस भरले जाऊ नये म्हणून त्यांच्या मुठीवर मोठा '९' कोरून लाल रंगवला गेला. मुठी बदलणे सोपे असल्याने फक्त त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. नळी आणि लष्करी ठसे तपासावेत.

सी९६ चा भारताशी खरा संबंध आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे पळवली. नाशिकला १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी वापरलेले पिस्तूलही माउझरच होते का, असे महाराष्ट्रातून नेहमी विचारले जाते. ते ब्राउनिंग होते आणि जर्मन पिस्तुलांच्या इतिहासात बसत नाही.

१३. 'गेस्टापो' किंवा 'एसएस' अशी खूण असलेले पिस्तूल महाग असते. घ्यावे का?

अशी खूण पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया संशयाची असावी. युद्धानंतर संग्राहकांची मागणी वाढली तसे साध्या पिस्तुलांवर थरारक ठसे मारणारे हातही वाढले. लांब नळीचे तोफखान्याचे रूप आणि क्रीगहॉफची पिस्तुले यांबाबतही हेच घडते. साधी नळी काढून २०० मिलिमीटरची नवी नळी बसवलेली 'तोफखान्याची' पिस्तुले कमी नाहीत. भिंगातून पाहावे: मूळ ठशाच्या खड्ड्यात ब्लूइंग असणे अपेक्षित आहे की ठसा ब्लूइंगनंतर मारला जात असे, कडा उठलेल्या आहेत की झिजलेल्या, अक्षरांचे वळण त्या कारखान्याच्या इतर नमुन्यांशी जुळते का. गोष्ट विकत घेऊ नये, वस्तू विकत घ्यावी, हा अनुभवी संग्राहकांचा सल्ला योग्यच आहे.

१४. ठशांतील स्वस्तिक पुसून टाकावे का? आणि असा संग्रह करणे योग्य आहे का?

पुसू नये, पुसल्याने इतिहास शुद्ध होत नाही, फक्त अवाचनीय होतो. मात्र मांडताना संदर्भ द्यावा आणि मिरवू नये. जर्मनीत अशा चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन दंडविधानाच्या कलम ८६अ खाली गुन्हा ठरते. शिक्षण, संशोधन आणि इतिहासकथन यांना त्यात अपवाद आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. राइशवेअरला पी०८ पुरवणारी झिमझोन ही एका ज्यू कुटुंबाची कंपनी होती; नाझी सत्तेने १९३० च्या दशकाच्या मध्यास ती बळकावली आणि त्या कुटुंबाला देश सोडावा लागला. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात वेठबिगार राबवले गेले, आणि वाल्थरने नॉयनगाम्मे छळछावणीत कैद्यांकडून शस्त्रनिर्मिती करून घेतली. ज्याच्या संग्रहनोंदीत कारखान्याचा संकेत आहे पण ही माहिती नाही, त्याची नोंद माझ्या दृष्टीने अपुरी आहे.

१५. पी३८ वर 'एसव्हीडब्ल्यू ४६' असा ठसा आहे. युद्ध तर १९४५ मध्ये संपले. हे कसे?

ठसा खरा असू शकतो. पी३८ तीन ठिकाणी बनत असे: वाल्थरचा मुख्य संकेत 'एसी', माउझरचा 'बीवायएफ' आणि १९४५ मध्ये 'एसव्हीडब्ल्यू', तर श्प्रेवेर्कचा 'सीवायक्यू'. ओबर्नडॉर्फ फ्रेंचांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी तेथील उत्पादन स्वतःच्या सैन्यासाठी काही काळ चालू ठेवले, म्हणून युद्धोत्तर सालाची पिस्तुले अस्तित्वात आहेत. १९५७ नंतर पश्चिम जर्मनीच्या सैन्याला मिळालेले अ‍ॅल्युमिनियम चौकटीचे पी१ हे मात्र वेगळे प्रकरण आहे.

१६. भारतात अशी पिस्तुले बाळगता येतात का?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि वारशाने आलेले शस्त्रही याच मर्यादेत धरले जाते. शिवाय ९ मिलिमीटरची पिस्तुले निषिद्ध वर्गात मोडतात. पी०८ आणि पी३८ ही नेमकी त्याच मापाची आहेत. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, परंतु ती दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रांपुरतीच आहे. "शंभर वर्षे जुने आहे म्हणून चालते" हे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते. परदेशातील मराठी मित्रांनीही सामानातून काही आणू नये, कारण आयातीला स्वतंत्र परवाना लागतो. ज्या देशात राहता तेथील नियम वेगळे असतात. जर्मनीत संग्राहकासाठी ठरावीक ऐतिहासिक विषयाला बांधलेले लाल रंगाचे शस्त्रपत्र असते, तर अमेरिकेत ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे.

१७. पणजोबा मराठा पलटणीत होते आणि इटलीत लढले. त्यांच्या ट्रंकेत जर्मन पिस्तूल सापडले. आता काय करू?

हा प्रश्न खरा आणि नाजूक आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सैनिक आठवण म्हणून वस्तू आणत, हेही सर्वज्ञात आहे. पण आठवण म्हणून आलेले पिस्तूल कायद्यासाठी पिस्तूलच असते. ते हाताळू नका, कोणाला दाखवत फिरू नका आणि विकण्याचा विचारही करू नका. आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. कायदेशीर ताबा संपलेले शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. सेवापुस्तक, पदके, पत्रे आणि छायाचित्रे मात्र घरातच जपा. पिस्तूल कोणत्या सैनिकाने, कोठून आणले हे सांगणारे कागद पिस्तुलाहून दुर्मिळ असतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात.

१८. परवाना मिळणे शक्य नाही, पण विषयाची ओढ आहे. मी काय गोळा करू?

होल्स्टर, सैन्याच्या जुन्या माहितीपुस्तिका, कारखान्यांच्या जाहिराती, सैनिकांची छायाचित्रे आणि टपाल हे सर्व अभ्यासाचे उत्तम साहित्य आहे. मॅगझिन किंवा नळीसारखे सुटे भाग मात्र टाळावेत, कारण कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. प्रत्यक्ष पिस्तुले पाहायची असतील तर सूल आणि ओबर्नडॉर्फ येथील शस्त्रसंग्रहालये, कोब्लेन्झचा लष्करी तंत्रज्ञानाचा अभ्यास-संग्रह, ड्रेस्डेनचे लष्करी इतिहास संग्रहालय आणि लीड्समधील रॉयल आर्मरीज येथे जावे. ओबर्नडॉर्फला गेलात तर नेकार नदीच्या काठी उभे राहून त्या दरीकडे जरूर पाहा. एवढ्याशा गावातून निघालेली पिस्तुले पुढे कलकत्त्यापर्यंत पोहोचली होती.